यंदा खांब वर येणार नाहीत

२१ मे

मुओरी आज कयानीला जाणाऱ्या बसमध्ये चढली! मेंढी असली तरी तोरा असा, की जणू तिकीट काढूनच निघाली आहे. ड्रायव्हरने दार उघडलं आणि हिने पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले. बाकीच्या सगळ्या रस्त्यावर, तिच्या मागे रांगेत. ड्रायव्हर मला म्हणाला, "बाई, यांना ग्रुपचं तिकीट देऊ का?"

कुंपण पुन्हा पडलं. दरवर्षीचंच रडगाणं. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, खांबांना धरून वर ढकलते. मग मे महिन्यात बर्फ उतरतं आणि खांब पाहावेत तर जत्रेतून परतणाऱ्या गड्यांसारखे, एकमेकांच्या अंगावर रेललेले.

मुओरीला ओढता ओढता मी रस्त्याकडेच्या चरात पडले. डावं मनगट मोडलं. लिहायचा हात शाबूत आहे, म्हणजे फार बिघडलं नाही.

२४ मे

मार्युत आली ओउलू शहराहून. पोरगी आत आली ती बूट काढायच्या आधीच, "आई, पुरे झालं आता." पर्समधून फोटो काढले. फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट, तिच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ, आणि बाल्कनी.

"बाल्कनीत टोमॅटो लाव ना."

मी म्हटलं, खरंय, टोमॅटो बसमध्ये चढत नाहीत. ती हसली. आणि हसता हसता रडायला लागली. ती ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते, ते मला जमतं. रडणाऱ्या माणसासमोर माझं काही चालत नाही.

शेवटी ठरलं ते असं — मी नवं कुंपण घालायचं. त्याने एक हिवाळा काढायचा. पुढच्या वर्षी जूनअखेरीस, युहान्नुसच्या सणाला मार्युत येऊन बघणार. मेंढ्यांभोवतीचं कुंपण सरळ उभं असेल, मधल्या काळात एकही खांब पुन्हा ठोकावा लागला नसेल, तर ती फ्लॅटचं नाव काढणार नाही. नाही तर मेंढ्या विकायच्या आणि मी ओउलूला. उजवा हात देऊन कबूल केलं. हात दिला म्हणजे दिला.

२५ मे

या घराबाहेर मी राहूच शकत नाही. असं लिहून ठेवलं म्हणजे बरं वाटतं.

जुने खांब रेइनोच्या हातचे. माझ्या नवऱ्याच्या हाताला गुण होता, पण तो अकॉर्डियनपुरता! खांबाचं बारीक टोक तासायचं, ते खाली धरायचं आणि वरून घण घालायचा. "टेकला ना? मग उभा राहील." वसंतात वर आला की परत घण. आधीइतका खोल तो कधी जायचा नाही, म्हणून पुढच्या वर्षी आणखी वर. रेइनोला जाऊन चार वर्षं झाली. त्याचे खांब मात्र दर मे महिन्यात अजून वर येतात.

३० मे

दुकानात गेले. केर्त्तूने गल्ल्यामागूनच सुरुवात केली. "काय गं सायमा, तुझ्याकडे आधी काय उगवतं — बटाटे की खांब?" कॉफीच्या टेबलावरचे सगळे खो खो हसले. मीही हसले. प्लास्टरमधल्या हाताने तिला वेलचीचा पाव फेकून मारता येत नव्हता.

ताह्वोही होता तिथे. हसला नाही. कपात बघत बसला.

ताह्वो माझा शेजारी. त्याचं रान माझ्या रानाला लागून. मधलं कुंपण माझं, त्याच्या बाकी तीन बाजूंचं त्याचं. त्याने गाई विकल्यापासून ते रान नुसतं पडून आहे, आत गुडघाभर गवत. पण त्याचे खांब! तीस वर्षांत एक हललेला नाही. कसे घातले, हे गावात कोणालाच ठाऊक नाही, कारण कोणी विचारलंच नाही. आपल्याकडे न विचारता कोणी शिकवत नाही — ते म्हणजे समोरच्याला मूर्ख म्हणणं. आणि विचारायचं म्हणजे आपणच मूर्ख असल्याचं कबूल करणं. म्हणून सगळे आपापले खांब ठोकत बसतात!

मी तर मुळीच विचारणार नाही.

१४ जुलै

प्लास्टर निघालं. हात वाळलेल्या काटकीसारखा दिसतो आहे.

२० जुलै

सुरुवात! हाताने फिरवायचं मोठं गिरमिट शेडमधून काढलं. जमिनीत भोक पाडलं, तासलेला पाइनचा खांब आत घातला. डासांनी माझं जेवण केलं.

मान वर केली तर ताह्वो हद्दीच्या दगडापाशी उभा. टोपी मागे सारलेली. खांबाकडे पाहिलं. भोकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हं."

आणि गेला.

२१ जुलै

त्या "हं"ने माझा दिवस खाल्ला. चांगलं होतं की वाईट? सूर खाली गेला होता, म्हणजे वाईट. आणि नजर कुठे होती? खांबाच्या खालच्या टोकावर. बारीक टोकावर!

मग डोक्यात उजेड पडला. पाचर बारीक बाजूने आत जाते, म्हणजे तशीच वरही निघते. गोठलेल्या जमिनीला नुसतं धरून ओढायचं काम. खांब उलटा केला. जाड बुंधा खाली, बारीक टोक वर. आता ओढ म्हणावं!

दुपारी ताह्वो आला. पाहिलं. "हं." हे आखूड होतं, चांगल्या कॉफीचा पहिला घोट घेतल्यावर येतं तसं. बाई गं, मला काय आनंद झाला! चुलीपाशी एकटीच नाचले.

२६ जुलै

हद्दीच्या दगडापाशी खडीने भरलेल्या बादल्या.

"ताह्वो, ही कोणाची खडी?"

"पडून होती, शेजारीणबाई."

खडी बादलीत पडून असते का! पण कळलं मला. पाणी खांबाशी साचलं की तेच गोठून फुगतं. खाली खडी, बाजूने खडी, पाणी निथळून जाईल. आधी घातलेले खांब काढले आणि पुन्हा घातले.

२ ऑगस्ट

आज दगडावर गिरमिटाला जोडायची लोखंडी नळी. म्हणजे माझी भोकं उथळ आहेत. सरळ सांगायचं की, "सायमा, आणखी खोल जा"! पण नाही. नळी "पडून होती".

जोडली. आता दांडा छातीएवढा आत जातो. खांदे संध्याकाळी माझ्याशी बोलत नाहीत.

९ ऑगस्ट

भूर्जाच्या सालीची भली मोठी गुंडाळी, दोरीने नीट बांधलेली.

"हीपण पडून होती का रे?"

"हं."

"तुझ्याकडून काय काय पडत असतं!"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. साल हातात घेऊन पाहिली — गुळगुळीत, तेलकट, बर्फाला धरायला जागाच नाही. प्रत्येक खांबाच्या मातीतल्या भागाला गुंडाळते आहे. केर्त्तू सायकलवरून जाताना ओरडली, "खांबांना मोजे घालतेस का गं?" हो, घालते! आणि तुझ्या नवऱ्याच्या मोज्यांपेक्षा हे जास्त टिकतील.

१२ सप्टेंबर

झालं! शेवटचा खांब उभा. चारही बाजू. मी तारेला हात लावून सबंध रानाला फेरी मारली. मुओरीने एका खांबाला डोकं लावून जोर केला. खांब ढिम्म. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा विश्वासघात केला.

मार्युतची जुनी लाल नेलपॉलिश कपाटात सापडली. प्रत्येक खांबावर मातीच्या बरोबरीने एक लाल रेघ ओढली. खांब वर आला तर रेघ वर येईल. लपवाछपवी नको.

२४ ऑक्टोबर

शनिवार. सौनाची वाफ घ्यायला एक शनिवार त्याच्याकडे, एक माझ्याकडे; आज तापवण्याची पाळी माझी होती. ताह्वो आधी, मी नंतर, मग दोघं स्वयंपाकघरात कॉफीला. त्याचे केस ओले, नाक लाल, दुसरा पाव संपवून म्हणाला, "यंदा बर्फ लवकर पडेल."

अख्खं वाक्य! मी कॉफी सांडली.

रेइनो असताना या टेबलावर इतकी बडबड असायची, की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची नाही. गेल्यानंतर फक्त टिकटिकच उरली होती. आज दोघं गप्प बसलो होतो आणि ती ऐकू आली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतं आहे.

१९ नोव्हेंबर

जमीन दगड झाली. रेघा जागच्या जागी.

७ डिसेंबर

बर्फ मांडीपर्यंत. रेघा गाडल्या गेल्या. काय चाललंय खाली, कसं कळणार?

फावडं घेतलं आणि ताह्वोकडची रांग मोकळी केली. तीच स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. अगदी मातीपर्यंत उकरलं. रेघा जागच्या जागी! जीव भांड्यात पडला.

रोज सकाळी एवढं करायचं ठरवलं. कॉफी, मग रांग.

२६ डिसेंबर

मार्युत नाताळला राहून गेली. तिला मोकळ्या रांगेच्या कडेकडेने फिरवलं. इतकी स्वच्छ कड गावात कोणाचीच नाही, झाडून काढल्यासारखी. ती वाकून रेघा बघत म्हणाली, "छान केलंस गं आई." आणि मग, हळूच, "फ्लॅटवाले जूनपर्यंत थांबतो म्हणालेत."

तिला मी हरावं असं वाटत नाही. तिला नुसती भीती वाटते. फोन वाजत राहील आणि उचलणारं कोणी नसेल, ही भीती. मला कळतं. म्हणून तर राग येत नाही, आणि राग न आल्याने जास्त त्रास होतो.

८ जानेवारी

बाहेर उणे अडतीस. नाकातले केस मोडतात. तरी रांग साफ करायला गेले.

आणि ताह्वो धावत आला! शेताच्या मधून, पोटापर्यंतच्या बर्फातून, हातात फावडं, कोटाची बटणं उघडी. मला वाटलं घराला आग लागली. तो आला आणि मी बाजूला काढलेलं बर्फ फावड्याने परत माझ्या खांबांवर टाकायला लागला!

"अरे, काय करतोस?"

"गोधडी आहे ती! जमिनीची गोधडी! रोज सकाळी तिच्या अंगावरून ओढून काढतेस, मग ती खोलवर गोठणार नाही तर काय करणार! महिनाभर बघतोय खिडकीतून, महिनाभर! परत टाक, शेजारीणबाई, सगळं परत टाक!"

तीस वर्षांत तो एवढं बोललेला नाही. आणि मी काय केलं? मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं?"

तो थांबला. पांढराफटक पडला. फावडं तसंच बर्फात उभं ठेवून परत गेला, आलेल्या पावलांवरूनच पाय टाकत.

९ जानेवारी

सौनाचा शनिवार. पाळी त्याची होती. त्याच्या सौनाच्या धुराड्यातून धूर निघाला नाही.

न विचारता शिकवतो मला! माझ्या कुंपणात!

११ जानेवारी

त्याचंच बरोबर आहे. बाकीच्या तीन बाजू मी हात न लावता सोडल्या, तिथे खांब उबेत झोपले आहेत. जी रांग मी जीव लावून जपली, तिलाच उघडं पाडलं. दिवसभर बर्फ परत भरलं. फावड्याने मारून दाबलं नाही, हलकं ठेवलं. गोधडी कोणी दाबून भरत नाही.

"कोणी विचारलं होतं?" शी! कसली मेली जीभ माझी.

१६ जानेवारी

वेलचीचा पाव भाजला, त्याचं फावडं खांद्यावर टाकलं आणि त्याचं दार वाजवलं.

"हे पडून होतं," मी म्हणाले.

आधी त्याला कळलंच नाही. मग जो हसायला लागला! ताह्वोला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्याला वरचे दोन दात नाहीत, हे मला आजवर माहीत नव्हतं.

कॉफी झाल्यावर म्हणाला, "न विचारता बोललो. लाज वाटते."

"मग आता विचारते," मी म्हणाले. विचारायला जड गेलं, पण तोंडातून निघाल्यावर काही वाटलं नाही. "फार उशीर झाला का रे?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "हं."

खाली जाणारं होतं.

१४ मार्च

बर्फावर कडक पापुद्रा. मेंढ्या वैतागल्या आहेत. करण्यासारखं काही नाही, म्हणून मोजे विणते आहे. माणसांचे.

१ मे

आज वाप्पू, वसंताचा सण! केर्त्तूकडे लिंबाचं फसफसणारं सरबत आणि तळलेली गोड वेटोळी. तिने विचारलं, "काय गं, पेरणी कशी आहे खांबांची?" मी म्हटलं, युहान्नुसला ये, मग हस. तिच्या रानातल्या सावलीच्या बाजूला अजून बर्फ आहे, माझ्याही.

१९ मे

बर्फ गेलं.

रस्त्याकडची बाजू — रेघा मातीला टेकलेल्या! जंगलाकडची बाजू — टेकलेल्या! तळ्याकडची — तसूभर हललेली नाही! मी पळत सुटले होते, सदुसष्टाव्या वर्षी, चिखलात, मोठ्याने ओरडत.

मग ताह्वोकडची रांग. रेघा मातीच्या चार बोटं वर. सगळ्या. मधले तीन खांब वाकलेत, तार सैल.

तिथेच चिखलात बसून रडले. मुओरी येऊन माझी टोपी चावायला लागली.

संध्याकाळी ताह्वो घण घेऊन आला. दगडापलीकडे उभा राहून म्हणाला, "ठोकून देऊ? कोणाला कळणार नाही."

"मला कळेल. मी तिला हात दिलाय."

"हं," तो म्हणाला. हे "हं" माझ्या ओळखीचं नव्हतं. खाली गेलं नाही, वरही गेलं नाही. घण घेऊन घरी गेला.

५ जून

मेंढ्यांना गिऱ्हाईक मिळालं, केर्त्तूचा चुलतभाऊ. माणूस चांगला आहे. मुओरीला स्वतंत्र गव्हाण देतो म्हणाला. केर्त्तूने आज एकही टोमणा मारला नाही, गुपचूप पाव बांधून दिला. तेव्हा मला खरं वाटलं, की मी हरले.

१३ जून

रेइनोचा अकॉर्डियन खोक्यात घातला. मग बाहेर काढला. मग परत घातला. फ्लॅटमध्ये वाजवला तर खालचे वर येतील. वाजवता तर मला येतच नाही.

१९ जून

ताह्वो चार दिवस दिसला नाही. त्याच्या कुंपणाकडून ठोकाठोकीचा आवाज येतो आहे. त्याचे खांब तर हलत नाहीत, मग करतोय काय? विचारणार होते. आता माझा काय संबंध.

२५ जून

मार्युत दुपारी येईल. दाराशी भूर्जाची कोवळी झाडं बांधली, सणाला बांधतात तशी. घर कधी नव्हे इतकं सुंदर दिसतं आहे. मुद्दाम करतं.

२६ जून

मधली रांग आता नाही!

काल मार्युत गाडीतून उतरते तोच ताह्वो दगडावरून आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात पहार. कोणी काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "सायमा, तुझ्या तीन बाजू उभ्या आहेत. माझ्या तीन बाजू उभ्या आहेत, मी त्यांना मेंढ्यांची जाळीपण ठोकली. ही मधली कोणाला हवी आहे? मेंढ्यांना नको. मलाही नको." आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली. मार्युतने रांगेकडे पाहिलं, त्याच्या शर्टाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि "मेंढ्यांभोवतीचं कुंपण, असंच ठरलं होतं ना," म्हणत गाडीतून हातमोजे काढून आणले. चार बोटं वर आलेले खांब, पण निघतील तर शपथ! तिघांनी अर्धी दुपार ओढले. शेवटचा निघालाच नाही, तो तसाच राहिला आहे, त्यावर ताह्वोची टोपी आहे.

मी त्याला उत्तर काय दिलं?

"हं."

त्याला बरोबर कळलं.